सातव्या घराची मालकीण

सोमवार, १९ नोव्हेंबर १९३४

होडीत मी ओकले नाही. हे आधी लिहून ठेवते, कारण आमच्या मदतपथकातले चारही कॉलेजकुमार भाऊच्या धक्क्यापासून रेवसपर्यंत बादलीत डोकी घालून बसले होते, आणि पुण्याला परतल्यावर तेच सांगत सुटतील की वेणूबाईंना प्रवास फार बाधला.

रेवसहून बैलगाडीने थळ आणि थळहून वाळूतून चालत ही कोळ्यांची वाडी. दिवाळीच्या तोंडावर तुफान आलं ते हिच्यावरून नांगर फिरवूनच गेलं. माड आडवे, कुडाच्या भिंती भुईसपाट, कौलांचा चुरा. लोक पालथ्या घातलेल्या होड्यांखाली संसार मांडून बसले आहेत. समोर उंदेरी आणि खांदेरी ही बेटं मात्र जिथल्या तिथे, आणि समुद्र इतका साळसूद की विचारावंसं वाटतं, तो तूच का रे?

आमच्या पुण्याच्या मंडळाला मुंबईच्या एका शेठजींनी सात घरांचं लाकूड आणि कौलं दिली आहेत, मातोश्रींच्या स्मरणार्थ. मातोश्री विधवा होत्या, म्हणून घरं फक्त विधवांना. एखादं उरलं तर त्याचं लाकूड परत. ज्यांचे नवरे वाचले त्यांनी कुठे राहायचं, हे मातोश्रींना विचारायची आता सोय नाही. मंडळाचे चिटणीस दादासाहेब यांचं म्हणणं असं की विधवेला विधवा चटकन ओळखू येते. म्हणून सात जणी शोधायचं काम माझ्याकडे. मी नवव्या वर्षी विधवा झाले. लग्नातलं मला एवढंच आठवतं की जिलबी गार होती. पण अनुभव तो अनुभव. शिवाय शाळेत पन्नास मुली सांभाळते, माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही.

बांधकाम बघणारे चौलकर म्हणून आहेत. अलिबागचे ओव्हरसियर, खास रजा काढून आलेत. तिशीचे, अविवाहित, अबोल. पण माणूस फार निरखून बघतो. मी गाडीतून उतरत होते तेव्हा असे टक लावून उभे, की मी पडते कधी याची वाटच बघत असावेत.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

सहा जणी मिळाल्या. सगळ्या म्हाताऱ्या आणि सगळ्या तोंडाळ. एकीने उलट मलाच विचारलं, "तुजा दादला कवा मेला?" म्हटलं, खूप वर्षं झाली. तर म्हणते, "आनि अजून एकलीच? येडी का खुली?" मी विषय बदलला.

सातवी आज सापडली. केसर तिचं नाव. माझ्याच वयाची, दिवस भरत आलेली. अर्ध्या फुटलेल्या होडीखाली राहते. मार्गशीर्षात मूल होईल ते त्या फळ्यांखालीच, थंडीवाऱ्यात. तुफानात छप्पर अंगावर आलं, त्याने कपाळ फुटलंय. हळदीची जाड पट्टी बांधली आहे. डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत फडक्यात गुंडाळून गळ्यात अडकवलेला. उजव्या हाताने बोंबील वाळत घालत होती. तो हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडा. काचेची एक बांगडी नाही. गळ्यात काळी पोत होती खरी, पण यांच्यात विधवाही घालत असतील. आपल्याला यांच्या चालीरीती कुठे ठाऊक.

मी काही विचारलं नाही. उघड्या हाताकडे बघून "नवरा?" असं विचारणारी माणसं जन्मभर पाहिली आहेत, त्यांत माझी भर नको. नुसती म्हणाले, "केसर, सातवं घर तुझं." तिने हातातला बोंबील खाली ठेवला. "खरा सांगतंस?" मी तिचा उघडा हात हातात घेतला आणि दोघी रडलो. ती आनंदाने रडली. मी कशाने रडले ते मला सांगता येत नाही.

चौलकरांना नाव सांगितलं तर म्हणाले, "केसर? नक्की?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं, होडीखालच्या केसरकडे पाहिलं, आणि मुकाट्याने सातव्या घराची खुंटी ठोकली.

रविवार, २५ नोव्हेंबर

केसर माझ्याशी बोलत नाही.

परवा शेजारच्या तुळशीने तिच्या कानात काहीतरी सांगितलं, तशी केसर ताडकन उठली आणि पोट सावरत माझ्या दिशेने निघाली. चेहरा असा की माझ्या हातून घमेलं पडलं. मध्येच एका दांडग्या कोळ्याने तिला अडवलं. लांबून दोघांची जुंपलेली दिसत होती. ती उजवा हात नाचवत होती आणि तो हसत होता. वाऱ्याबरोबर एवढंच कानावर आलं, "मेल्याव घर मिलतं, तं मरतू की गो! जेवाया रोज येन ना!" कोणाच्या मरणाची थट्टा चालली होती कोण जाणे. दुःखात बुडालेल्या बाईपुढे बोलायची ही रीत झाली? मग ती एकटीच पाण्यात गुडघ्यापर्यंत गेली, दर्याला नारळ दिला आणि तेव्हापासून गप्प आहे.

तोच कोळी आज आमच्याकडे कामाला लागला. विठोबा नाव. होडी फुटली, हाताला काम नाही, म्हणून चौलकरांनी त्याला पाणी भरायला ठेवला. मी चौकशी केली, "घरी कोण कोण तुझ्या?" विठोबाने तोंड उघडलं, एवढ्यात चौलकर म्हणाले, "एकटाच आहे. सध्या."

चौलकर एरवी कोणाच्या मध्ये बोलत नाहीत. त्यांनी आज माझ्या चुलीसाठी सुकी लाकडं स्वतः फोडून आणून दिली. माझी भाकरी कच्ची राहते असं सुचवायचं असणार.

बुधवार, २८ नोव्हेंबर

आगरदांड्याचे अलीमियाँ आपल्या मचव्यातून वासे घेऊन आले. सत्तरीचे, मेंदी लावलेली दाढी, आवाज खणखणीत. किनाऱ्याला लागता लागता ओरडले, "विठोबाच्या घराचे वासे खंय उतरवू?"

"विठोबाच्या नाही, केसरच्या," मी दुरुस्त केलं. "ती बिचारी..." आणि पुढचं हाताने सांगितलं.

अलीमियाँनी विठोबाकडे पाहिलं. विठोबाने आकाशाकडे. चौलकर ओळंबा सोडून खांब सरळ आहे का बघू लागले. "हां हां," अलीमियाँ दाढी कुरवाळत म्हणाले, "केसरचाच घर. खुदा त्याला... तिला सलामत ठेवो." वय झालं की माणूस घोटाळतो. पण जाताना विठोबाच्या पाठीवर थाप मारून इतके हसले की मचव्यात बसताना टोपी पाण्यात पडली.

या विठोबाकडे मला लक्ष ठेवावं लागणार. बाकीच्या सहा घरांना पाणी अर्ध्या हंड्याने आणि केसरच्या घराला दोन हंडे. खांबाच्या मेढी निवडायच्या तर सरळसोट तेवढ्या तिच्या दाराला. तिच्या घरची जमीन चोपायला भल्या पहाटे येऊन बसतो. आणि काल तर हद्द झाली. तिचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चेपत होता! मी ओरडले तसा उडालाच. म्हणतो, "मुंगी व्हती बाय."

केसर हसली. पहिल्यांदाच. मी तिला काही बोलले नाही. एकट्या बाईला कोणी पाय चेपून दिले तर ती काय करणार?

सोमवार, ३ डिसेंबर

आज लिहायला कंदील लवकर लावला.

मागच्या आठवड्यात मी वाडीतल्या बायकांपुढे बोलले होते. विधवेने कुंकू का पुसावं, बांगड्या का फोडाव्या, असं अर्धा तास. त्या मासळी निवडत होत्या. एकीने मध्येच कोलंबीचा भाव सांगितला. मला वाटलं, कोणी ऐकतच नाही.

आणि आज! केसरच्या कपाळाची पट्टी निघाली, त्याखाली जखम भरलेली, आणि जखमेच्या खाली चांगलं रुपयाएवढं लालभडक कुंकू. डाव्या हाताचं फडकं सुटलं, तशी थळला कासाराकडे जाऊन हिरव्यागार बांगड्या भरून आली. फक्त डाव्या हातात. उजवा अजून उघडा.

एका हातापुरतं का होईना, धैर्य आलं! मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "केसर, आज ना उद्या दुसऱ्या हातालाही भरशील."

"त्या हातच्या दर्याला दिल्या बाय," ती शांतपणे म्हणाली.

काय बोलली! पुण्याच्या व्याख्यानमालेत असं वाक्य ऐकायला मिळायचं नाही. मला हुंदकाच आला. तुळशीला तर ठसका लागला, तिला पाणी पाजावं लागलं.

बुधवार, ५ डिसेंबर

सगळी रात्र विचार केला आणि ठरवलं. विठोबाचं मन कुठे आहे ते आंधळ्यालाही दिसेल. तिचंही त्याच्याकडे ओढलेलं. मध्ये फक्त रूढी. ती मी दूर करणार. आमच्या मंडळाच्या वतीने या किनाऱ्यावरचा पहिला पुनर्विवाह, नव्या घराच्या अंगणात!

सकाळी विठोबाला बाजूला घेतलं. "केसरशी लग्न करशील?"

"कोनाशी?"

"केसरशी."

तो डोकं खाजवत राहिला. "परत?"

"तिचं परत, तुझं पहिलंच," मी समजावलं. "आणि पोटातल्या बाळाचं काय करशील? नीट विचार करून सांग."

"आपलाच समजून वाढवीन, बाय," तो म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला. खांदे गदगदा हलत होते. इतका आडदांड माणूस, पण मन लोण्याचं.

मग गुणाजी पाटलांकडे गेले. वाडीत त्यांचा शब्द चालतो. विरोध होणार म्हणून मी चांगले तीन मुद्दे काढून ठेवले होते. एकही लागला नाही. पाटलांनी चिलीम बाजूला ठेवली आणि गंभीरपणे सांगितलं, "केसरचा विठोबाशी लगीन? आमची कंदीच हरकत न्हवती." तुळशी तोंडात पदर कोंबून पळाली, तिला भावना आवरल्या नाहीत. इतका उदार समाज! पुण्याने इथे येऊन शिकावं.

अडली ती केसरच. "नको बाय. असला खेल दर्या बघतंय." तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी खूप समजावलं, विठोबाने लांब नेऊन काहीतरी समजावलं, तेव्हा कशीबशी तयार झाली. पण माझ्याकडून वचन घेतलं. "लगीन लावा. पन त्याला मेला कोनी म्हनायचा न्हाय."

"कोणाला?"

"कोनालाच न्हाय."

मी वचन दिलं. पहिल्या नवऱ्याचा विषय तिला अजून सोसत नाही, हे मी समजू शकते.

शनिवार, ८ डिसेंबर

दादासाहेबांना सगळी हकीकत कळवली. चौलकरांनी टपालाला नेता नेता पाकीट दोनदा उलटसुलट केलं. "वेणूबाई, हे पाठवायलाच हवं का? घर तर उभं राहतंय."

"का? विधवेने सुखी व्हावं हे तुम्हाला पसंत नाही वाटतं?"

ते कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. "मला? मला फार पसंत आहे. पण तुम्हाला... म्हणजे एखाद्या विधवेने, शिकलेल्या, समजा पुण्याच्या... तिने पुन्हा लग्न करावं, असं तुम्हाला मनापासून वाटतं?"

"अर्थात! प्रत्येकीने करावं."

"प्रत्येकीने?"

"अपवाद कशाला?"

चौलकर वळले आणि सरळ मेढीवर जाऊन आदळले. कपाळाला टेंगूळ आलं, तरी शीळ घालत थळच्या वाटेला लागले. पत्र टपालात पडलं की नाही याची मला धास्ती होती, पण पडलं. हा माणूस मला कळत नाही. इतका साधा प्रश्न दोनदा विचारायचा?

गुरुवार, १३ डिसेंबर

दादासाहेबांचं उत्तर! शेठजी अपवाद म्हणून या एका बाबतीत तयार आहेत. लग्न झालं तरी घर केसरचंच राहील. मात्र बातमी वर्तमानपत्रात आली पाहिजे. दादासाहेब स्वतः छायाचित्रकार घेऊन शनिवारी येतात. सातही विधवांचं सात घरांपुढे छायाचित्र, त्यानंतर विवाह. विवाहाआधी केसरने सर्वांसमक्ष आपली कहाणी सांगायची: पहिला पती कोण, कसा वारला, कधी वारला.

केसरला कहाणीचं अजून सांगितलं नाही. आयत्या वेळी सुचेल तसं बोलेल, बोलते छानच.

आज सातव्या घरावर कौलं चढली.

शनिवार, १५ डिसेंबर

जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

मांडव झकास झाला होता. धवलारीण, म्हणजे यांच्या लग्नात गाणी म्हणून विधी लावणारी बाई, ती येऊन बसली होती आणि कारण नसताना हसत होती. अलीमियाँ आगरदांड्याहून मुद्दाम आले. दादासाहेब खुर्चीवर, छायाचित्रकाराने तीन पायांवर खोकं उभं केलेलं. विठोबा मुंडावळ्या बांधून नवऱ्यासारखा नटलेला. केसर पिवळ्या लुगड्यात. इतकी सुंदर दिसत होती की मला माझ्या कामाचा अभिमान वाटला.

दादासाहेब उठले, विधवांच्या दुःखावर बोलले आणि मग म्हणाले, "हं, केसरबाई, आता सांगा. तुमचा पहिला नवरा कोण होता?"

धवलारणीचं हसू मावळलं. केसर नव्या घराकडे बघत होती. पुन्हा पुन्हा बघत होती. दार, ओटी, वरची लाल कौलं. विठोबा हळूच म्हणाला, "सांग गो कायतरी." तिचे ओठ हलले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "नुसतं म्हण, वारला. एवढंच. मग झालं."

तिने माझा हात झटकला.

"न्हाय म्हनायची." आवाज दर्यावर ऐकू जाईल असा. "घर ऱ्हायला तं ऱ्हायला, न्हायतं खड्ड्यात जाऊंदे. पयला बी ह्योच, दुसरा बी ह्योच!" आणि विठोबाला दंडाला धरून पुढे ओढला. मग उजवा हात, तो उघडा हात, दादासाहेबांच्या तोंडापुढे धरला. "आमच्यात लगीन झाला का या हाताच्या बांगड्या दर्याला देतंत. दर्या त्या ठेवतंय आन् आमचा मानूस परत धाडतंय. डाव्या हातच्या आमच्या. ह्या बायनं उगडा हात बघला आन् मना रांडाव केली! आनि ह्या मेल्याला घर पायजे व्हता म्हनून मी गप ऱ्हायली. रोज याला जेवाया वाढला, रोज दर्याची माफी मांगली. आता न्हाय. तो दर्याव जाईल उद्या, आन् मी आज त्याला मेला म्हनू?"

विठोबाने मुंडावळ्या काढल्या आणि तिच्या बाजूला मान खाली घालून उभा राहिला. आता तो हसत नव्हता.

आणि मी? त्या दोन डोळ्यांना काय म्हणावं, ज्यांच्यातून म्हणे काही सुटत नाही? मुंगी, परत, आपलाच समजून वाढवीन, सगळं एकदम कानांत घुमायला लागलं. लाजेने वाटलं, त्या साळसूद समुद्राने आता खरंच उठावं आणि मला घेऊन जावं. चौलकरांकडे पाहिलं. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! अलिबागचा माणूस, कोळणीचा हात त्याला कळणार नाही? "का नाही सांगितलंत?" मी विचारलं. ते म्हणाले, "सांगितलं असतं, तर लाकूड परत गेलं असतं."

दादासाहेब मात्र तापले. फसवणूक, विश्वासघात, वर्तमानपत्र. कॉलेजकुमारांना हुकूम सोडला, "कौलं उतरवा. शेठजींचं लाकूड उद्याच्या उद्या परत गेलं पाहिजे." पोरं शिडीकडे निघाली. केसर वळली. पोटावर हात ठेवून आपल्या त्या फुटक्या होडीकडे चालू लागली.

ते मला बघवलं नाही.

"दादासाहेब," मी म्हणाले, "शेठजींच्या अटीत नक्की काय आहे?"

"घर विधवेच्या नावे व्हावं. स्पष्ट आहे."

"याच वाडीतली विधवा, असं आहे?"

"तसं... नाही."

"कोळीण, असं आहे?"

"नाही, पण..."

"मग माझ्या नावावर करा. मी चांगली सतरा वर्षं मुरलेली विधवा आहे. घर माझं, आणि माझ्या घरात कोणाला ठेवायचं ते मी बघेन."

छायाचित्रकार खोक्यातून डोकं काढून म्हणाला, "साहेब, ऊन उतरतंय. सात बायका हव्यात तर आत्ताच." अलीमियाँ म्हणाले, "वा! काय अक्कल! बेस!" मी त्या सहा म्हाताऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. मला जन्मात विधवापणाचा काही उपयोग झाला नव्हता, आज झाला. इतकी ताठ मी कधीच उभी राहिले नसेन.

दादासाहेबांनी शेवटी मान तुकवली, पण बोट उगारून बजावलं, "घर तुमच्या नावे. पण आता सूट नाही, वेणूबाई. तुम्ही विधवा आहात तोवरच. उद्या लग्न केलंत तर घर परत."

"माझं लग्न?" मला हसूच फुटलं. "माझ्याशी कोण करतंय लग्न!"

बाकी कोणी हसलं नाही. का कोण जाणे, सगळी वाडी चौलकरांकडे बघत होती. त्यांच्या हातातला ओळंबा खाली पडला होता आणि ते तो उचलायचं विसरले होते.

रविवार, १६ डिसेंबर

केसर आणि विठोबा घरात राहायला गेले. दादासाहेब गेले. केसरने मला ओटीवर बसवून भाकरी-बोंबील पुढे केले. मी फक्त भाकरी खाल्ली आणि दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. तिने मला क्षमा केली, पण दर्याला माझ्याकडूनही एक नारळ देववला.

चौलकर कालपासून जेवले नाहीत. पोट बिघडलं असावं. सुंठ पाठवली, तर परत पाठवली.

गुरुवार, २० डिसेंबर

पहाटे केसर बाळंत झाली. मुलगी. नव्या घरात, कोरड्या जमिनीवर, लाल कौलांखाली. पोरीचा आवाज आईवर गेला आहे.

पथक उद्या निघतं. निरोप घ्यायला गेले तेव्हा तुळशी बाळाला शेकत होती. केसर पडल्या पडल्या म्हणाली, "घरवालीन, तू बी चालली?"

"जायला हवं. शाळा आहे."

"आन् तो?" तिने हनुवटीने छपराकडे दाखवलं. चौलकर वर बसून कोन्याची कौलं तपासत होते. कालही तपासली होती, परवाही.

"त्यांचं काय?"

केसरने कपाळाला हात लावला. "या बायला खरंच काय दिसत न्हाय गो तुळशे! अगो, तो लाकडा फोडतंय कोनासाठी? मेढीव डोका आपटतंय कोनासाठी? तू फोटूत उभी ऱ्हायलीस, आमाला घर दिलास, आनि त्याचा तोंड बघला न्हाईस. तू विधवा ऱ्हायलीस तरच आमचा घर ऱ्हाईल, म्हनून बिचारा इचारत न्हाय."

मी बोटांवर मोजायला लागले. लाकडं. निरखून बघणं. प्रत्येकीने? प्रत्येकीने. अरे देवा! सव्वीस वर्षांची घोडी झाले, पन्नास मुलींच्या मनातलं ओळखते, आणि हे!

"पण घराचं काय?" एवढंच सुचलं. आणि मग कळलं की मी "नाही" म्हणालेच नाही.

केसर हसली. "बाय, आमी अख्ख्या वाडीनं एक जिता नवरा तुज्या डोल्यापुढं लपवला, तुजा लपवाया काय जड हाय? तुजा पुना लांब. हितून सांगाया कोन जातंय?"

वरून एक कौल निसटलं आणि अंगणात फुटलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी बाहेर आले आणि म्हणाले, "खाली उतरा." चौलकर उतरले. पुढे काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. या वहीने आधीच माझी पुरेशी फजिती पाहिली आहे. एवढंच लिहिते की यावेळी प्रश्न त्यांनी एकदाच विचारला.

दादासाहेबांना कळवलं आहे की घरमालकीण या नात्याने मला देखरेखीसाठी महिनाभर इथेच राहणं भाग आहे. चौलकरांनी रजा वाढवली आहे. पुढे मी अलिबागलाच शाळा बघणार, आणि दर साली शेठजींना 'अजून विधवाच आहे' अशी सही पाठवणार. दादासाहेबांच्या कागदावर मी जन्मभर विधवा राहणार आहे. कागदावर राहायला माझी काही हरकत नाही.